डॉक्युमेंट म्हणून पाठवा

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी बारशाचा, मुंजीचा किंवा नुसता नव्या स्कूटरचा फोटो टाकला, की अभिनंदनाच्या गुच्छांच्या आधी एक मेसेज येऊन पडतो : "फोटो छान. ओरिजिनल पाठवा. डॉक्युमेंट म्हणून." हा सावलीकाकांचा. नुसता फोटो पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून लहान करतं आणि सावलीच्या कडांचा चिखल होतो, म्हणून डॉक्युमेंट. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, पार्किंगच्या नियमात काहीतरी सापडलं असावं. ते बिचारे निमूट पाठवतात. रात्री अकराच्या पुढे फोटो परत येतो. माणूस तोच, स्कूटर तीच, फक्त दोघंही जमिनीपासून चार बोटं वर.

दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ उभे होते. खरा कोणता, हे तिने ओळखलं ते सावलीवरून आणि घामावरून. देवांना घाम येत नाही, त्यांची सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. त्या समारंभाचे फोटो आमच्या काकांकडे आले असते तर पाचही जण सारखेच साफ होऊन निघाले असते आणि माळ यमाच्या गळ्यात पडली असती.

काका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या खातेवह्यांत नको त्या नोंदी हुडकल्या. निवृत्तीनंतर वह्या गेल्या, नजर राहिली. अशा वेळी काहींना हास्यक्लब लागतो, काहींना होमिओपॅथी. काकांना मुलाने अमेरिकेला जाताना मागे ठेवलेला कॉम्प्युटर लागला, आणि त्यात फोटोशॉप होतं. आधी त्यांनी स्वतःच्या लग्नाचा अल्बम साफ केला, मग व्याह्यांचा. मग आम्ही.

थॉमस आणि जॉन या नोल बंधूंनी हे सॉफ्टवेअर घडवलं आणि १९९० च्या फेब्रुवारीत अ‍ॅडोबीने ते बाजारात आणलं, हे सांगताना काकांचा आवाज जरा भिजतो. पुढे २००२ साली सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला, २०१० मध्ये सीएस-फाइव्हमध्ये कंटेंट-अवेअर फिल. काकांचं पंचांग यावर चालतं. माझ्या लग्नाचा अल्बम हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "साल कुठलं?"

"२००१."

"अरेरे. हीलिंग ब्रशच्या आधीचं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमचा मुहूर्त चुकला असं तोंडावर म्हणणारे ते पहिलेच. बायको तेव्हापासून त्यांना फार मानते.

हसण्यावारी नेऊ नये, काकांना विषय येतो. त्यांच्यासमोर सावलीला काळी म्हणून बघा. "काळी नाही, निळी! उन्हातल्या सावलीत सूर्य पोचत नाही, आकाश पोचतं. म्हणून नुसती उजळून भागत नाही, पिवळट ऊब द्यावी लागते." आणखी एक गोष्ट त्यांनी मला बाल्कनीत उभं करून दाखवली. पायाशी सावलीची कड अगदी रेखीव असते, डोक्याकडे जाता जाता ती विरघळते, कारण सूर्य हा ठिपका नाही, चांगली थाळी आहे. मधला गडद भाग कुणीही उडवील, कस लागतो तो कडेला. हे सगळं खरं आहे आणि मी ते त्यांच्याकडूनच शिकलो. अडचण पुढे येते. ऑल्टचं बटण दाबून शेजारच्या चांगल्या फरशीवर टिचकी मारायची आणि ती फरशी सावलीवर फासत जायचं, हा मूळ मंत्र. त्या नादात पार्किंगमधला तेलाचा एकच डाग चार गाड्यांखाली उमटला, आणि सेक्रेटरींनी फोटो पाहून चौघांना नोटीस काढली.

फरशीपर्यंत ठीक होतं. चेहऱ्यावर पडलेल्या सावलीला काका 'अतिक्रमण' म्हणतात, आणि अतिक्रमण हटवताना शेजारचं अधिकृत बांधकामही पडतं, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. सी विंगमधल्या मुलीच्या लग्नात फोटो मांडवाबाहेर, भर दुपारी निघाले. मुंडावळ्यांच्या मोत्यांची सावली दोन्ही गालांवर ठिपक्याठिपक्यांनी उतरलेली. नथीची सावली वरच्या ओठावर, नेमकी मिशीच्या जागी. गालांचं एक वेळ चालेल पण ओठावरचं तेवढं बघा, असं मुलीच्या आईनेच सांगितलं. काका बसले. गाल निर्मळ झाले, ओठ निर्मळ झाला आणि रात्री दोनच्या सुमारास नथही निर्मळ झाली. मोती कुठे संपतो आणि त्याची सावली कुठे सुरू होते, हे त्या वेळी दिवसा जागणाऱ्या माणसाला कसं कळावं? मुलीच्या आईने फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "भावजी, बसऱ्याच्या मोत्यांची होती हो. सासूबाईंची." काकांनी तत्काळ दुसऱ्या एका फोटोतून नथ कापून आणली, उलटी फिरवली, मापात बसवली. आता ती उजव्या नाकपुडीत आहे. देशस्थांकडे चालते का, असं नवऱ्याकडच्या कुणीतरी विचारल्याचं कानावर आलं.

हनुवटीखालची सावली काढली की मान जाते, हे आमच्याकडे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. गेल्या कमिटीच्या फोटोत खजिनदारांचं डोकं थेट शर्टाच्या कॉलरवर ठेवलेलं आहे.

घरात त्यांचा हात धरणाऱ्या एकट्या काकू. मुलाकडे जायचं ठरलं तेव्हा व्हिसासाठी फोटो हवा होता : दोन बाय दोन इंच, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा काढलेला, तोंडावर किंवा मागे सावली नको. सावली नको हे वाचून काकांना अमेरिकेबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. त्यांनी काकूंना हॉलच्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि फ्लॅश मारला. भिंतीला टेकवून फ्लॅश मारला की कानामागे दाट सावली पडते, ती पडली. ती पुसताना अंबाडाही गेला. अंबाडा परत आणेपर्यंत काकूंनी नियमांचा पुढचा भाग वाचून दाखवला : फोटोत डिजिटल फेरफार चालणार नाहीत.

"म्हणजे सावली चालत नाही, आणि पुसलेली सावलीही चालत नाही? मग माणसाने करायचं काय?"

"अहो, मी नाक्यावरच्या स्टुडिओत जाऊन येते," काकू म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

तो स्टुडिओ दोन पिढ्यांचा. मालकाचे वडील निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने डोळ्यांखालची वर्तुळं भरून काढायचे; निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. मुलाने मात्र काकूंना एवढंच सांगितलं, "भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसा." दोन बाजूंनी दोन दिवे लावले. सावली पडायची तिथे पडली, फोटोत आली नाही. काकू भाजी घेऊन अर्ध्या तासात घरी. काकांनी तो फोटो भिंगाखाली तपासला, एकही खोट निघाली नाही आणि मग निकाल दिला, "ही काही कला नव्हे. ही पळवाट आहे."

तरी एक काम मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या पेपरवाल्याचे वडील गेले. फोटो म्हणावा तर गावाकडच्या एका लग्नातला, ग्रुपमधला, भर उन्हातला. टोपीची सावली थेट नाकापर्यंत, डोळ्यांच्या जागी नुसता अंधार. काकांनी त्या अंधाराचे थर एकेक करून उचलले, चार-पाच रात्री, पैशाचं नावही न काढता. डोळे निघाले. पण भुवईच्या वर, टोपीच्या काठालगत, बोटभर सावली त्यांनी तशीच राहू दिली. मी विचारलं, हिला कशी काय माफी? तर म्हणाले, "ही काढली तर टोपी घातलेली नाही, चिकटवलेली दिसेल." म्हणजे त्यांना सगळं कळतं. आमच्या वेळीच ते विसरतात.

सगळ्यात मोठं प्रकरण ए विंगमधल्या मावशींच्या अण्णांचं. मावशींकडे माहेरचा अल्बम आहे, आग्फा क्लिक थ्रीवर काढलेल्या फोटोंचा. एका रोलमध्ये बारा फोटो यायचे आणि एकेक जपून काढायचा. सूर्य पाठीशी घ्यावा, हा तेव्हाचा पाठ. अण्णांनी तो प्रामाणिकपणे पाळला, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या प्रत्येक फोटोत भावंडांच्या पायाशी एक लांबलचक सावली पसरलेली, कोपरं बाहेर काढून डोळ्याशी कॅमेरा धरलेल्या माणसाची. अल्बम जीर्ण झाला म्हणून मावशींनी तो काकांकडे स्कॅनिंगला दिला. नुसतं स्कॅनिंग म्हणाल्या होत्या. आठ दिवसांनी काकांनी पेन ड्राइव्ह आणून दिला आणि कौतुकाची वाट पाहत समोर बसले. मावशींनी नातवाच्या लॅपटॉपवर पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला.

"अण्णा कुठायत?"

"कोण अण्णा?"

"माझे वडील! फोटो तेच काढायचे, त्यामुळे ते एकाही फोटोत नाहीत. तेवढे काय ते पायाशी होते. आडवे का होईना, होते!"

खरं तर मूळ अल्बम मावशींच्या मांडीवर होता, पुन्हा स्कॅन केलं की काम झालं असतं. पण पुन्हा स्कॅन करणं म्हणजे हिशेब चुकल्याची कबुली. काकांनी फाइल परत नेली आणि अण्णांची सावली नव्याने रचली : निळसर छटा, पायाशी रेखीव, डोक्याकडे विरलेली, शास्त्राला धरून. मावशींनी ती चष्मा पुसून पाहिली आणि म्हणाल्या, "हे अण्णा नाहीत. अण्णा इतके जाड कधीच नव्हते." काकांनी बारीक केली. "आता आजारी वाटतात." मग खांदे जरा रुंद केले. "हे तर आमचे धाकटे काका." शेवटी नातवानेच एका रविवारी सगळा अल्बम मोबाइलवर टिपून घेतला. काकांची ती धाकट्या काकांची सावली मावशींनी मात्र प्रिंट काढून ठेवली आहे, त्यांचाही एकही फोटो नव्हता म्हणून.

यावरचा कायमचा उपाय काकांना वर्तमानपत्रात सापडला : शून्य सावली दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात पहिल्यांदा मेच्या मध्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास. त्या घटकेला सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाखाली जाते. सोसायटीचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं, ग्रुप फोटो व्हायचाच होता. काकांनी वेळ जाहीर केली. आम्ही सगळे मे महिन्यात साडेबारा वाजता गच्चीवर. बायका पैठण्यांत, चेअरमन कोटात, लहान मुलं तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर. काकांनी आधी पाण्याची बाटली मधोमध ठेवून दाखवली. सावली खरोखर नव्हती. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

फोटोत जमीन स्वच्छ होती. जमिनीवरची सगळी सावली गोळा होऊन तोंडांवर आलेली होती. डोळ्यांच्या जागी खाचा, प्रत्येक नाकाखाली एक काळा पट्टा, स्त्री-पुरुष असा भेद न करता मिशा. खाली 'रौप्यमहोत्सव' लिहिलं नसतं तर कुणीही पोलिसांना कळवलं असतं. काकांनी दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात फोटो आला तेव्हा खाचा नव्हत्या, मिशा नव्हत्या, ज्यांना होत्या त्यांनाही नव्हत्या, आणि नाकांचं काय झालं ते नीटसं सांगता येत नव्हतं. लोक साड्यांवरून आपापली माणसं शोधत होते. बायकोने मला शर्टावरच्या घामावरून ओळखलं.

काका खचलेले नाहीत. सूर्य परतीच्या वाटेवर जुलैच्या अखेरीस पुन्हा पुण्याच्या डोक्यावर येतो, हे त्यांनी कमिटीच्या निदर्शनास आणून दिलं. जुलैच्या अखेरीस पुण्यात सूर्य कुणी पाहिलाय, असं खजिनदार म्हणाले. खरं तर ढगाळ हवेसारखा फोटोला उजेड नाही. सगळं आकाशच दिवा होतं आणि कुणाच्याच सावलीला धड आकार येत नाही. काकांना हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे, पण मग रात्री अकरानंतर त्यांनी करायचं काय? नोटीस लागली आहे, लिफ्टशेजारी, लाल अक्षरांत : "ग्रुप फोटो, दुपारी १२.४०, गच्ची. पाऊस असला तरी वेळ बदलणार नाही. कृपया छत्र्या आणू नयेत, सावली पडते."