किती धरू?

नानांच्या ट्रकमध्ये बसायचं तर आधी वजन सांगावं लागतं. बायकांनासुद्धा. विमानतळावर निदान बॅगेचंच वजन करतात, माणसाची अब्रू शाबूत राहते. इथे नाना दार उघडतात, खिशातून डायरी काढतात आणि गंभीरपणे विचारतात, "किती धरू?"

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. नानांच्या ट्रकला तो आकडा ६९०. अख्ख्या कॅल्गरीत हा स्टिकर वाचणारा माणूस एकच असावा, आणि तो नेमका आमच्या मंडळाचा सामानप्रमुख आहे.

नाना मूळचे फलटणचे. तिकडे टायर गोटा होईपर्यंत चालवायचा, मग रिमोल्ड करून पुन्हा गोटा करायचा, आणि अगदीच राम म्हणाला की पोरांना पळवायला द्यायचा. अशा संस्कारांतून आलेला माणूस टायरच्या बाबतीत इतका सोवळा कसा झाला, कळत नाही. आमच्या आल्बर्टात हिवाळी टायरची सक्ती नाही. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरी रस्त्यांवर ती १ ऑक्टोबरलाच लागू होते. नानांनी तो कायदा आपल्या अंगणापुरता स्वीकारला आहे.

मंडळाची पातेली, समया, पडदे, कर्णे असा सगळा संसार एका बंद ट्रेलरमध्ये राहतो आणि तो नाना ओढतात. त्यासाठी टायर घ्यायचे हे जूनमध्ये ठरलं. घेतले नोव्हेंबरात. मधल्या काळात ते दुकानातून दुकानात फिरले, गुडघ्यावर बसून टायरच्या कडेवरची अक्षरं वाचत. शेवटचे चार आकडे ३८२३ म्हणजे २०२३ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला जन्म. "जून आहे," म्हणून त्यांनी तो संच नाकारला. विकणारा पोरगा स्वतःच त्याच्या थोडंसं आधी जन्मला असावा, असा त्याचा चेहरा झाला.

"एम अधिक एस", म्हणजे चिखल आणि बर्फ, या अक्षरांवर तर नानांचा दात आहे. नक्षी तशी दिसली की कारखाना ती आपली आपण छापतो. म्हणजे स्वतःच्या हातानं लिहिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तीन शिखरांत हिमकण असलेलं चिन्ह मात्र परीक्षा देऊन मिळतं. "पण परीक्षा कसली? दाबलेल्या बर्फावर पुढे सुटण्याची," नाना आवाज खाली आणतात. "थांबण्याची नव्हे!" हे ते मला एका बारशात सांगत होते. बाळ रडलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. ओझ्याला टायर कडक हवा आणि बर्फाला मऊ. सात अंशांच्या खाली साधं रबर आखडतं, म्हणून हिवाळी रबर मऊ ठेवतात, त्यावर करंजीची कातण फिरवल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा देतात. पण मागे ट्रेलर लागला की मऊ टायर डुलतो. दुकानदारानं मोठमोठ्या बटणांचा एक पैलवान टायर दाखवला. नाना म्हणाले, हा चिखलातला गडी, काचेसारख्या बर्फावर लोटांगण घालील. शेवटी 'ई' श्रेणीचे, दहापदरी म्हणवणारे, ऐंशीपर्यंत हवा पेलणारे हिवाळी टायर चढले. त्यांच्यात दहा पदर नसतातच; तो हिशेब जुन्या सुती धाग्यांच्या काळातला. लुगडं नऊवारी म्हटलं की नऊ वार तरी असतं. रिकामा ट्रक चालला की हे टायर असे उडवतात की काकू, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, कवळी रुमालात बांधून बसतात. स्वतःच्या लहानग्या गाडीचे टायर काकूंनी एका कॉफीच्या वेळात घेतले होते.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू. सकाळी उणे सव्वीस. वाण म्हणून यंदा बिडाचे तवे, साठ नग. कोणाच्या डोक्यातून निघालं ते विचारू नका. नानांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून ट्रेलरची मान त्यावर टेकवली. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर पडतो, आणि तो स्टिकरच्या आकड्यातच धरायचा असतो. मग तवे. मग काकू, दोन वहिन्या आणि फलटणहून आलेली आत्या. प्रत्येकीनं आकडा पुटपुटला, नानांनी लिहिला. बेरीज ७१२.

"बावीस किलो जास्त होतंय."

"मग ते दहापदरी कशाला घेतलेत?" थोरल्या वहिनींनी विचारलं.

दहापदरी टायर लावले म्हणून स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. स्प्रिंगा, आस, ब्रेक तेच राहतात. नानांनी हे नीट समजावलं. तोवर चौघी काकूंच्या गाडीत बसून गेल्यासुद्धा.

नाना तव्यांसह एकटे, रीतसर पोहोचले तेव्हा निम्मं हळदीकुंकू उरकलं होतं. सवाष्णी रिकाम्या हातांनी वाट बघत होत्या.

मोटारीचा टायर ट्रकला लावला तर त्याच्यावर छापलेल्या क्षमतेला १.१ ने भागायचं, असा नियम आहे. नानांनी त्याला एक पोटनियम जोडला आहे, तो त्यांनी मला एकट्यालाच दाखवला. बायकांनी सांगितलेल्या वजनाला १.१ ने गुणायचं.

संध्याकाळी तवे वाटून झाले. आत्या ट्रकपाशी आली.

"नान्या, आता मी तुझ्यात येणार. लिही. अठ्ठ्याहत्तर. गुळाच्या पोळ्या धरून सांगतेय हो, खोटं नाही."

नानांनी मान हलवली आणि डायरीत लिहिलं: ८६.