नवागतांचं रान

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९३५पासून एक रीत आहे. वर्ग भरण्याआधी नव्या मुलांना डोंगरात न्यायचं, उघड्यावर झोपवायचं आणि एकमेकांची ओळख करून द्यायची.

आपणही मागे नाही. एआयसीटीईने २०१७मध्ये तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखला, २०१९मध्ये यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ आला. कागदावर त्यांत परिसरभेटही आहे. पण बऱ्याच ठिकाणी परिसर सभागृहाच्या दारात संपतो. आत दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ‘दोन शब्द’ म्हणत पाऊण तास बोलणारे पाहुणे आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र.

आणि समजा डार्टमथसारखं रानात नेलंच, तरी देवगाव रंगारी गावच्या पोराला तंबूत नेऊन शिकवणार तरी काय? बिबट्या-अस्वलांचं गौताळा अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, त्याच्याच कन्नड तालुक्यात पसरलेलं आहे. रात्री लाईट आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्याला अंधाराची दीक्षा घरीच मिळते.

त्याचं खरं रान कॉलेजसाठी संभाजीनगरला उतरल्यावर लागतं. नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, महाडीबीटीचा अर्ज, आधारला न जोडलेलं बँक खातं, एसटीचा पास, आणि ‘बॅचलर चालणार नाहीत’ म्हणणारे घरमालक. या मोहिमेला ना नकाशा, ना शिट्टी. वाटाड्या एकच, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानदार. तोही म्हणतो, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये. अन् ओटीपी बापाच्या मोबाईलवर येतो ना? मग बापालाही आण.”