सात ते सव्वाअकरा

उन्हाळा आला की आपलं शालेय शिक्षण खातं घड्याळाकडे बघतं. छपराकडे बघत नाही. छपराकडे बघायचं तर मान वर करावी लागते, आणि खात्यात मान वर होते ती फक्त वरून आदेश यायचा असला तर.

घड्याळाशी या खात्याची झटापट जुनीच. डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली, की मुलांची झोप पुरी होत नाही, तेव्हा शाळांच्या वेळांचा विचार करा. खातं खडबडून जागं झालं. फेब्रुवारी २०२४मध्ये फर्मान निघालं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. पालक सुखावले, रिक्षावाल्या काकांनी कपाळाला हात लावला. त्यानंतर एकच वर्ष गेलं आणि मार्च २०२५च्या अखेरीस दुसरं पत्र आलं. उष्णता वाढली आहे, सबब प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. म्हणजे दुसरीतल्या बाळूने आधी उशिरा उठायचं ते आरोग्यासाठी, आणि आता पहाटे उठायचं तेही आरोग्यासाठीच. बाळूच्या आरोग्याची इतकी काळजी त्याच्या आज्जीनेही घेतली नसेल.

सकाळच्या शाळेला आमचा विरोध नाही. विदर्भात ती पिढ्यान् पिढ्या भरते आणि तिथे तिचं कुणाला कौतुकही नाही. पण गंमत पुढेच आहे. ज्या वर्षी उन्हापासून वाचवायला शाळा सकाळी आणली, त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. परीक्षा लवकर उरकल्या की मुलं शाळेत फिरकत नाहीत, हे खात्याचं निरीक्षण खोटं नाही. मग उपाय काय, तर पेपरच उशिरा ठेवायचा, पोरं झक मारत येतील. निकाल १ मेला. मधल्या चार-पाच दिवसांत गुरुजींनी पेपर तपासायचे, गुण भरायचे, प्रगतिपुस्तकं लिहायची. त्याच एप्रिलात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता. पण वेळापत्रक राज्याला एकच. हवामान खातं बिचारं भेदभाव करतं. उष्णतेच्या लाटेचा विचार ते मैदानी भागात ४० अंशांपासून, किनाऱ्यावर ३७पासून आणि डोंगराळ भागात ३०पासून सुरू करतं. शिक्षण खात्याला महाबळेश्वर आणि ब्रह्मपुरी सारखीच लाडकी.

शिवाय सव्वाअकराला शाळा सुटते, तेव्हा ऊन नुकतंच ड्युटीवर रुजू झालेलं असतं. पोरं घरी निघतात ती त्याच्याच सोबतीने.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत एप्रिलात साडेदहाच्या सुमाराला बसण्याचा योग आला. वर पत्रा. पत्र्याखाली कुणा दात्याने कधीतरी बसवून दिलेलं थर्माकोलचं छत, त्याचे निम्मे चौकोन गळून पडलेले. उरलेल्या चौकोनांत चिमण्यांचा संसार. पत्रा तापला की फुगतो आणि मधूनच तडतडतो. पहिल्या तडतडीला मी दचकलो, मुलं दचकली नाहीत. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक खाली वाकलेलं होतं, ते कुणी वाकवलं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मागच्या दोघांनी बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं आणि बाक सोडून त्या ओलीवर बसकण मारली. गुरुजींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढ्यात पुढची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पंखा बंद करा न, गरम हवा फेकून राहिला."

पोरीने भौतिकशास्त्र एका वाक्यात संपवलं. अंगाची कातडी साधारण पस्तीस अंशांची. खोलीतली हवा तिच्याहून बरीच तापली की पंखा गारवा देत नाही, वरची आच खाली आणून वाढतो. घाम वाळवण्यापुरता उपयोग, आणि घामासाठी पोटात पाणी हवं. ते बाटलीत होतं, आणि बाटली फरशीवर ओतून झाली होती.

मुख्याध्यापक शांत गृहस्थ. त्यांनी मला मोबाइलवर आलेली माहितीची लिंक दाखवली. आज दुपारी बारापर्यंत भरायची होती, आणि ती सकाळी दहाला आली होती. पंखे आहेत काय? होय. किती? चार. पैकी चालू? चार. "हवा कशी येते असा रकाना असता तर लिहिलं असतं," ते म्हणाले. "नाही, म्हणून निरंक." त्यांनी एकदा पाचवीचा वर्ग आवारातल्या कडुनिंबाखाली भरवला होता. सावली दाट, वारा बरा, पोरं खूश. नेमके त्याच दिवशी भेटीला आलेले साहेब शेरा लिहून गेले, की वर्ग खोलीबाहेर आढळला, खुलासा सादर करावा. खुलाशात निंबाचा उल्लेख करावा की नाही यावर त्यांनी बराच विचार केला. मी विचारलं, शेवटी काय लिहिलंत? "परिसर अभ्यास," ते म्हणाले.

पुन्हा खुलाशाची वेळ आली तर त्यांच्या मदतीला थेट दिल्ली आहे. मे २०२२मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने उन्हाळ्यासाठी शाळांना सूचना दिल्या. शाळा सातला भरवा, दुपारच्या आत सोडा, प्रार्थना सावलीत घ्या, पंखे चालू असल्याची खात्री करा, हे सगळं ठीकच. गळ्यातल्या टायबाबत सवलत देता येईल आणि चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे चालतील, असंही त्यात आहे. आमच्या त्या शाळेतल्या पायांत स्लिपर होत्या, दोघांच्या पायांत त्याही नव्हत्या. सवलत त्यांनी आगाऊच घेऊन ठेवली होती. ऊन थेट वर्गात येऊ नये म्हणून खिडक्यांना पडदे किंवा वर्तमानपत्रं लावावीत, हीही एक सूचना. वाळ्याच्या ताट्या लावायची कुठे रीत असेल तर ती चालू ठेवायलाही परवानगी आहे. नागपूरकरांना वाळ्यासाठी दिल्लीची परवानगी मिळाली, हे ऐकून बरं वाटलं.

आता आमच्या काकांकडे वळू. प्रत्येक घरात ते एक असतात. उन्हातल्या शाळेचा विषय निघाला की ते एसीचा रिमोट शोधत म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होते रे पंखे? घडलोच ना आम्ही?" काका, घडलात. पण तुमच्या शाळेवर कौलं होती. भिंती हात-हातभर जाडीच्या मातीच्या, पडवी होती, अंगण शेणाने सारवलेलं होतं. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची. ती शाळा पाडून तिथे विकास झाला. वीतभर भिंत आणि वर पत्रा, किंवा गच्चीचा स्लॅब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो, तेव्हा सातची शाळाही कालच्याच उन्हात भरते. तुम्ही घडलात ते कौलांच्या गारव्यात, काका, उन्हात नव्हे. या पोरांची तुमच्याशी तुलना करायची तर आधी तुमच्या दिवाणखान्यावर पत्रा टाकावा लागेल.

उपाय कुणालाच माहीत नाही, असंही नाही. छपराला वरून पांढरा रंग किंवा चुना दिला की ऊन परत फिरतं आणि खोली काही अंशांनी निवते. अहमदाबाद महापालिकेने २०१३मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, तो देशातला पहिला. चंद्रपूर जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. सीमेपलीकडे छपराला धोरण आहे, अलीकडे छपराखाली परिपत्रक आहे.

पण चुना आणायचा कशातून? समग्र शिक्षा योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. पट शंभरच्या आत असेल तर पंचवीस हजार. त्यात खडू, रजिस्टरं, दुरुस्ती, पाणी, वीजबिल, आणि दहा टक्के स्वच्छतेला. वीजबिलानेच बरंचसं संपतं. ज्यांचं बिल थकतं त्यांची जोडणी तुटते, आणि भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेली 'डिजिटल शाळा' ही अक्षरं अंधारात उरतात. मग शिक्षक पदरमोड करतात, किंवा गावात वर्गणी काढतात. लोकसहभाग हे त्याचं सरकारी नाव, आणि अहवालात त्याचं कौतुकही होतं.

उन्हाच्या आकड्यावरही भरवसा ठेवू नये म्हणतात. मे २०२४च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. मग हवामान खात्याने खुलासा केला, की सेन्सर बिघडला होता. यंत्राचा बिघाड एकदोन दिवसांत सापडला, याबद्दल खात्याचं अभिनंदन. यंत्राला निदान कुणीतरी तपासायला येतं.

२०२५ला विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, २३ जूनला उघडल्या, त्याही सुरुवातीला सकाळच्याच सत्रात. तोवर पाऊस येईल अशी अपेक्षा. पाऊस आला की पत्रा गळतो, पण तो विषय पावसाळ्याचा, आणि त्याचं परिपत्रक वेगळं.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. हा अंक वाचून झाला की रद्दीत टाकू नका, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवा. एका खिडकीला दोन-तीन पानं पुरतात. पहिल्या पानावर या दिवसांत हमखास एसीची जाहिरात असते, ते पान लावताना चित्र वर्गाच्या बाजूला करा. आणि डिंक घरूनच न्या, अनुदानात तो बसत नाही.