कार्यक्रमास्तव वाचनकक्ष बंद

सार्वजनिक वाचनालय हे ग्रंथ वाचण्यासाठी असते, असा एक समज आपल्या समाजात सुमारे दोनशे वर्षे रूढ आहे, आणि तो रूढ होण्यास आपले पूर्वजच सर्वस्वी जबाबदार आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते. रत्नागिरीस 1828 साली, नाशकास 1840 साली आणि पुण्यास 1848 साली ज्या गृहस्थांनी ग्रंथसंग्रह उघडले, त्यांस वाचनालयाने काही कार्यक्रमही करावयाचे असतात ही कल्पनाच शिवली नव्हती. त्यांनी कपाटे घेतली, कपाटांत ग्रंथ ठेविले, वर्गणी ठरविली आणि लोकांनी येऊन वाचावे अशी भाबडी अपेक्षा धरली. पुण्याच्या संग्रहाच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता ते लोकहितवादी तर त्याच वर्षी 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहू लागले आणि देशबांधवांच्या आळसाची व अज्ञानाची उघड हजेरी घेऊ लागले. जे कार्य शाल, श्रीफळ आणि दीपप्रज्वलन यांनी अर्ध्या तासात साधते त्यासाठी त्या थोर पुरुषाने शंभरावर पत्रे खर्ची घातली, यावरून त्या काळी साधनसामग्रीची टंचाई केवढी होती याची कल्पना यावी.

आमच्या पेठेतील वाचनालयाने हे मागासलेपण केव्हाच टाकून दिले आहे. तथापि या प्रगतीचे सारे श्रेय एकट्या कार्यकारी मंडळास देणे अन्यायाचे होईल. त्यातील मोठा वाटा सरकारी दप्तराचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. काही अन्य राज्यांनी ग्रंथालयासाठी जसा स्वतंत्र कर बसविला तसा तो आपल्याकडे बसविला गेला नाही, आणि लोकांनी चालविलेल्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांत मांडून वर्गवारीबरहुकूम अनुदान द्यावयाचे ठरले. ज्या गोष्टीसाठी आपण कर भरीत नाही तिचा हिशेब मागण्याचे कष्टही आपण घेत नाही, त्यामुळे नागरिक निश्चिंत झाले; राहता राहिला तो तपासणीस येणारा अधिकारी. या बिचाऱ्याने पाहावे तरी काय? तो ग्रंथ मोजतो, दाखलनोंदवही चाळतो, सभासदांची यादी पाहतो, वर्तमानपत्रे किती येतात ते विचारतो. परंतु त्या ग्रंथांतील एखादा कोणी रात्री दोन वाजेपर्यंत जागून संपविला आणि पहाटे त्यास झोप आली नाही, या घटनेची पावती त्यास कोणत्या फायलीत सापडावी? वाचन ही मुळातच पुरावा मागे न ठेवणारी क्रिया आहे. उलट कार्यक्रमाचा फलक असतो, निमंत्रणपत्रिका असते, हजेरीपट असतो, छायाचित्र असते आणि नशीब बलवत्तर असेल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाच ओळींची बातमीही असते. तेव्हा वाचनाच्या जागी वाचनविषयक कार्यक्रम घडवून आणणे, हे ज्या कार्यवाहास प्रथम सुचले त्याची बुद्धी अव्वल दर्जाची मानली पाहिजे.

याचा अनुभव गेल्या 15 ऑक्टोबरास आला. भूतपूर्व राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, आणि आमच्या वाचनालयात तो अशा निष्ठेने पाळतात की त्या दिवशी कोणास एक ओळही वाचता येऊ नये. आदल्या सायंकाळीच सूचनाफलकावर 'वाचन प्रेरणा दिनानिमित्त उद्या वाचनकक्ष बंद राहील' असा मजकूर झळकला होता. लांब मेजे भिंतीस लावून त्यांवर चहाचे पेले मांडले होते, आणि वर्तमानपत्रांसाठी नित्यनेमाने येणारे सहा-सात वृद्ध गृहस्थ पायऱ्यांवरून परत पाठविण्यात आले होते. पुढे प्रमुख पाहुणे आले आणि सभागृहात श्रोत्यांपेक्षा खुर्च्याच अधिक आहेत असे दिसून आले, तेव्हा त्याच वृद्धांस कोपऱ्यावरच्या टपरीवरून सन्मानाने पाचारण करून पहिल्या रांगेत बसविण्यात आले. ज्यांना तासभर आधी वाचू दिले नव्हते त्यांना वाचनाचे महत्त्व तासभर समजावून सांगण्यात आले. पाहुण्यांनी आपल्या भाषणात, कामाच्या व्यापामुळे गेल्या अनेक वर्षांत आपणांस एकही पुस्तक हाती धरता आले नाही, असे मोकळेपणाने सांगितले, आणि या नम्रतेवर टाळ्या पडल्या.

पाहुण्यांचे स्वागत अर्थातच पुष्पगुच्छाऐवजी ग्रंथ देऊन झाले. ही प्रथा अतिशय स्तुत्य असून तिने मराठी ग्रंथव्यवहारात एक नवीनच चलन निर्माण केले आहे. फुले सायंकाळपर्यंत कोमेजतात म्हणून ती पुढच्या समारंभात देता येत नाहीत. ग्रंथास ही अडचण नाही. त्या दिवशी भेट दिलेल्या प्रतीच्या पहिल्या पानावर आम्ही सहज दृष्टी टाकली, तेव्हा तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत तीन निरनिराळ्या मान्यवरांस ती 'सस्नेह' अर्पण झालेली आढळली. पाने मात्र कोरीच्या कोरी होती. एवढे हस्तांतर सोसूनही जो ग्रंथ असा निष्कलंक राहतो, त्याच्या चारित्र्याविषयी शंका घेण्यास जागाच उरत नाही.

वर्षातील इतर तिथींचेही असेच. 23 एप्रिलास जागतिक पुस्तक दिन; 27 फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन; उन्हाळ्यात मुलांचे शिबिर, ज्यात मातीची भांडी, कागदी कंदील आणि आत्मसंरक्षण शिकविले जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला आरंभिली, तेव्हापासून व्याख्यानाशिवाय महाराष्ट्राचा उन्हाळा सरत नाही, या परंपरेस जागून आमच्या येथेही तीन व्याख्याने होतात. विषय अनुक्रमे मधुमेह, म्युच्युअल फंड आणि शिवकालीन युद्धनीती. मध्यंतरी कार्यकारी मंडळाने पाचगणीजवळच्या भिलार या गावी अभ्याससहल नेली होती. ते गाव 2017 च्या मे महिन्यापासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून घोषित झालेले असून तेथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत. मंडळींनी अभ्यास केला आणि येताना स्ट्रॉबेरी आणली.

12 ऑगस्टाचा प्रसंग मात्र थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा हा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी त्यांच्या तसबिरीस हार घालून त्यांच्या पाच सूत्रांचे सामुदायिक पठन होते. मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या या विद्वानाने 1931 साली ही सूत्रे ग्रंथरूपाने मांडली, ती इतकी सोपी आहेत की त्यांचे पालन करण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु आमच्या वाचनालयाने मोहास बळी न पडता त्यांचा अर्थ लावला आहे. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे पहिले सूत्र. म्हणून विश्वकोशाचे दोन खंड ध्वनिक्षेपकाच्या खाली उंचीसाठी कायमचे ठेविलेले आहेत. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक, ही दुसरी व तिसरी सूत्रे. यांत योग कधी जुळून यावा याची मुदत रंगनाथनांनी घातलेली नाही, तेव्हा घाई कशाची? वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे. याच्या पालनात आमचे सायंकाळचे लेखनिक एवढे तत्पर आहेत की वाचकाने नाव पुरते उच्चारण्याच्या आतच ते 'नाही' म्हणून सांगतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे पाचवे सूत्र तर डोळ्यांस दिसतेच. गेल्या दहा वर्षांत सन्मानचिन्हांसाठी दोन नवी कपाटे करावी लागली आणि त्यांस जागा व्हावी म्हणून कवितासंग्रह माळ्यावर गेले.

आता ग्रंथांच्या शिफारशीविषयी. 'या महिन्याचा ग्रंथ' निवडण्यासाठी आमच्या येथे तिघांची उपसमिती आहे. यांतील पहिले सदस्य 'मृत्युंजय' वगळता दुसरा ग्रंथ मंजूर करीत नाहीत. दुसऱ्या सदस्यांचे स्वतःचेच आत्मचरित्र प्रसिद्ध झालेले असल्याने ते संकोचाने गप्प राहून त्याच्याकडे बोट दाखवितात. तिसरे सदस्य केवळ गणसंख्येसाठी आहेत. या तिघांत एकमत व्हावयाचे म्हणजे ज्या ग्रंथास कोणाचाच विरोध नाही असा ग्रंथ शोधावा लागतो, आणि विरोध नसण्याची खात्री तेव्हाच देता येते जेव्हा तो तिघांपैकी कोणीही वाचलेला नसतो. खरेदीचे तत्त्व याहून सोपे आहे: ज्या पुस्तकांवर विक्रेता अधिक सवलत देतो ती अधिक वाचनीय. त्यामुळे तीस दिवसांत श्रीमंत होण्याचे, आठ दिवसांत इंग्रजी बोलण्याचे आणि एका रात्रीत व्यक्तिमत्त्व पालटण्याचे उपाय आमच्या संग्रहात प्रत्येकी चार-चार प्रतींत उपलब्ध आहेत. निवडलेला ग्रंथ दर्शनी काचेच्या कपाटात, मखमलीवर, उभा करून ठेवितात. तो वाचावयास मिळेल काय, असे एका कॉलेजकन्येने विचारले असता, त्या कपाटास कुलूप असून किल्ली कार्यवाहांकडे आहे आणि कार्यवाह मुलाकडे बंगलोरास गेले आहेत, असा खुलासा करण्यात आला. तिला तूर्त व्यक्तिमत्त्व पालटण्याचा उपाय देण्यात आला.

या अधिकृत शिफारशीस समांतर अशी एक बेकायदा शिफारसव्यवस्था त्याच इमारतीत चालते, हे आम्ही नाइलाजाने उघड करीत आहोत. सकाळच्या वेळी देवघेवीच्या मेजावर ज्या बाई बसतात त्यांस उपसमितीचे सदस्यत्व नाही, भाषण करता येत नाही, आणि त्यांचे वेतन किती हे सांगितले तर वाचनालयाची अब्रू जाईल. परत आलेले पुस्तक हाती घेताना त्या फक्त आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. "काय काकू, नाही आवडलं ना? मला वाटलंच होतं. थांबा, हे न्या. सुरुवातीची वीस पानं सोडून द्या," असे म्हणून त्या जे पुस्तक पुढे करतात ते पुढच्या आठवड्यात काकूंच्या सुनेकडून, मग शेजारणीकडून, मग शेजारणीच्या दिरांकडून फिरून येते. "आजोबा, हे तुम्ही पावसाळ्यात नेलं होतंत," असे त्या दप्तर न पाहता सांगतात. यात नियम नाही, ठराव नाही, इतिवृत्त नाही. अशा कारभाराची वेळीच दखल घेतली गेली नाही तर लोक पुस्तके वाचू लागतील.

दिवाळीनंतरचे चार महिने हा प्रकार कळसास पोहोचतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा वाचतो, असे म्हणतात. आमच्या येथे वेगळी वर्गणी भरून हे अंक होळीपर्यंत, आणि काही अंक त्यापुढेही, घरोघर फिरत असतात. कोणता अंक न्यावा हे कोणी विचारीत नाही. जो सर्वांत अधिक फाटला असेल तो उचलतात. मुखपृष्ठ गळालेला, कडेने चिकटपट्टी लावलेला आणि मधल्या पानावर चिवड्याचे तेल उतरलेला अंक हाती यावा म्हणून सभ्य माणसे आडून आडून प्रयत्न करतात, आणि ज्यावर मान्यवरांचे शुभसंदेश सोळा पाने छापलेले असतात तो गुळगुळीत अंक वैशाखातही मुखपृष्ठासकट शाबूत असतो.

याहून गंभीर गुन्हा म्हणजे पेन्सिलीच्या खुणा. पुस्तक आपण पूर्वी वाचले आहे की नाही हे म्हातारपणी आठवत नाही, म्हणून आमच्या पेठेतील ज्येष्ठ वाचकांनी फार वर्षांपूर्वी एकेक पान वाटून घेतले आहे. कोणी सतराव्या पानाच्या कोपऱ्यात फुली करतो, कोणी एकतिसाव्यावर टिंब देतो, एक निवृत्त मामलेदार आहेत ते पन्नासाव्या पानावर बारीक मोडीत सही ठोकतात. कपाटासमोर उभे राहून पुस्तकाची ती विवक्षित पाने उलटली की कोणी कोणी ते वाचले याची रुजुवात घटकाभरात होते, आणि ज्या पुस्तकावर फुली, टिंब व मोडी ही तिन्ही एकत्र नांदत असतील ते डोळे मिटून घरी न्यावे. काही जण एवढ्यावर थांबत नाहीत. 'शेवट रडका', 'नायिका मूर्ख', 'पान 112 पासून खरी मजा' असे अभिप्राय समासात आढळतात, आणि एका रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर खून दिवाणजीने केला असल्याचे कोणी दुष्टाव्याने लिहून ठेविले आहे. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'खोटे आहे, निश्चिंत वाचा' असा मजकूर असून, त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात 'खरे आहे' असे आहे. आमच्या मते गेल्या चाळीस वर्षांत या पेठेत झालेली ही सर्वांत प्रामाणिक साहित्यचर्चा होय.

गेल्या तपासणीच्या वेळी या खुणा उघडकीस आल्या. ग्रंथसंपत्तीचे विद्रूपीकरण असा गंभीर शेरा पडताच कार्यकारी मंडळाची तातडीची सभा भरली, आणि कार्यवाहांनी बंगलोराहून दूरध्वनीवरून दिलेल्या अनुमतीने 'ग्रंथ स्वच्छता सप्ताह' साजरा करण्याची दरखास्त बिनविरोध मंजूर झाली. नजीकच्या शाळेतील सातवीची मुले आणविण्यात आली, प्रत्येकास एक खोडरबर व एक बिस्किटपुडा देण्यात आला, नगरसेवकांच्या हस्ते पहिली फुली खोडून उद्घाटन झाले आणि खोडरबर उंच धरलेल्या मुलांचे छायाचित्र घेण्यात आले. सकाळच्या बाईंस त्या आठवड्यात सतरंज्या झटकण्याचे काम होते. सप्ताहाचा अहवाल आम्ही पाहिला आहे. स्वच्छ केलेल्या ग्रंथांची संख्या, खर्चाचा तपशील, उरलेल्या खोडरबरांची बाकी, सारे काही ताळ्यात आहे. केवळ अखेरच्या रकान्यात, 'रहस्यकथा, प्रत एक, गहाळ. एका विद्यार्थ्याने घरी नेल्याचा संशय' अशी नोंद असून, यापुढे कार्यक्रमासाठी येणाऱ्या मुलांची बाहेर पडतेवेळी झडती घ्यावी, असा ठराव त्याखाली एकमताने संमत झाला आहे.