काचकर

नव्या इमारतीत आल्यावर कुणाला केबिन मिळाली, कुणाला पार्किंग, कुणाला नुसताच गळ्यात अडकवायचा बिल्ला. आमच्या ॲडमिनच्या साहेबांना काच मिळाली. तेव्हापासून सगळे त्यांना काचकर म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात.

हिंजवडीतल्या या इमारतीची पश्चिमेची अख्खी बाजू काचेची. ऊन वाढलं की काच आपोआप निळी होत जाते. पाहुणा आला की काचकर चहा विचारायच्या आधी त्याला तिच्यापुढे उभं करतात. "आत टंगस्टन ऑक्साइडचा थर आहे. वीज किती? पाच व्होल्टच्या आत! लिथियमचे आयन थरात शिरले की काच गडद, बाहेर पडले की स्वच्छ. १९६९ साली सत्येन देबांनी दाखवून ठेवलंय. आपलाच माणूस!" मग मोबाइलवर बोट टेकवून म्हणतात, "बघा हं!"

पाहुणा बघत राहतो. काच ढिम्म.

एवढ्या मोठ्या तावदानाला गडद व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. काचकरांना हे पाठ आहे, पण आधी सांगतील तर शपथ. तेवढ्या वेळात एसीचं वाचणारं बिल, दिल्लीचं राजकारण आणि धाकट्याची ॲडमिशन असं सगळं बोलून होतं. "आता कडेला बघा, कडेनं सुरुवात होते!" पाहुणा "वा, वा" म्हणतो. त्याला एव्हाना फक्त खुर्ची हवी असते.

एकदा एकजण बोलून गेला, "आमच्या मीटिंग रूमची काच तर बटण दाबताच दुधी होते." काचकरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "ती लिक्विड क्रिस्टलची. तिच्यातून आरपार बघायचं तर सारखी वीज चालू ठेवा. ती ऊन नाही अडवत, नुसती अब्रू झाकते!"

खिडकीशी बसणाऱ्यांना या विज्ञानाचं फारसं कौतुक नाही. चारच्या सुमारास ढग सरतो, ऊन थेट डोळ्यांत घुसतं. काच गडद होईतो पुढचा ढग येतो. मग भर दुपारी दिवे लावायचे. त्या निळ्या उजेडात डब्यातलं पिवळं वरण हिरवट दिसतं. कुणीतरी धीर करून पडदा मागितला. "पडदा? या काचेला?" पोरीला सासरी कुणी टाकून बोलावं, तसा त्यांचा आवाज लागला. शेवटी एकाने चार्ट पेपर चिकटवला. काचकरांनी तो स्वतः नखाने खरवडून काढला. "सेन्सरला काय वाटेल?"

"साहेब, सेन्सर गच्चीवर आहे."

"म्हणून काय झालं?"

काचकरांची स्वतःची केबिन उत्तरेला. तिथे ऊन येतच नाही, म्हणून काच साधी आहे. तिला मात्र चांगला जाड पडदा आहे. कुणी विचारलंच तर आवाज खाली आणून सांगतात, "दुपारी जरा डोळा लागतो हो."