फळीवरचा साहित्यिक

एप्रिल लागला की गोंदिया जिल्ह्यात रिकामा माणूस सापडत नाही. पहाटे अंधारातच बायाबापड्या मोह वेचायला निघतात. मोह सरत आला की तेंदूपान सुरू होतं. पाण्याची सोय असलेले उन्हाळी धानाच्या बांधीत असतात. बँडवाले, मंडपवाले, आचारी लग्नांत अडकलेले. आमच्या बिरसीच्या विमानतळावर वैमानिक व्हायला आलेली पोरंसुद्धा ऊन चढायच्या आत आकाशात गेलेली असतात. एवढ्या धावपळीत एकच जमात छपरीत बाजेवर आडवी पडून पंख्याकडे बघत असते. ती म्हणजे तासिका तत्त्वावरचे मराठीचे प्राध्यापक. मी त्यांतला.

ज्यांना हे तत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. उन्हाळ्यात महाविद्यालय बंद, म्हणजे तास नाहीत, म्हणजे हातात नुसतं तत्त्व उरतं. कायम नोकरीतल्यांना उन्हाळ्याची सुटी मिळते, आम्हाला नुसता उन्हाळा मिळतो. पुढचं सत्र उघडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. ज्यांच्यासोबत वर्षभर चहा प्यायलो तेच समोर बसून गंभीरपणे विचारतात, "आपला परिचय द्या." दरवर्षी तोच परिचय दिल्यामुळे तो माझ्या एकूण साहित्यात सर्वांत घोटीव झाला आहे.

त्यात मी लेखकही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखक एकाच पिकावर जगायला लागला. पेरणी मे-जूनमध्ये. संपादकांचं निमंत्रण येतं आणि गोंदियाच्या पंचेचाळीस अंशांत, पाठीला चिकटलेल्या बनियनमध्ये, मी गुलाबी थंडीतल्या प्रेमाची कथा लिहायला घेतो. कापणी ऑक्टोबरात. मानधन होळीला, तेही होळी भरात असली तर. मधल्या काळात लेखकाने खायचं काय, यावर एकाही दिवाळी अंकाने आजवर परिसंवाद घेतलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही रड आजचीही नाही. आमगावजवळ पद्मपूर नावाचं गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती तिथला, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. दुसरे विद्वान दुसरी ठिकाणं सांगतात, पण आमच्या जिल्ह्यात त्यांना चहा मिळत नाही. तर आठव्या शतकातला हा आमचा माणूस 'मालतीमाधव', 'उत्तररामचरित' लिहिणारा, आणि पोटापाण्यासाठी त्याला पार कनौजला यशोवर्म्याच्या दरबारी जावं लागलं. जिल्ह्यातला पहिला मोठा लेखक, आणि तोच पहिला स्थलांतरित. तो कोणत्या महिन्यात निघाला हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण माझी खात्री आहे की मे असणार.

त्याची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं तो नाटकांच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवतो. देवाची यात्रा, लोटलेली माणसं आणि त्यांच्यासमोर नाटक! हे वाचलं आणि मी बाजेवर उठून बसलो. ही तर आपली झाडीपट्टी! आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. तो हंगाम होळीच्या आसपास संपतो. म्हणजे उन्हाळ्यात कंपन्यांना नव्या नाटकांची गरज पडत असणार, असा हिशेब करून मी हस्तलिखित पिशवीत घातलं आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने वडशाला उतरलो. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ती पंढरी.

एका कंपनीचे मालक कूलरसमोर बसले होते. त्यांनी हस्तलिखित हातात घेतलं, वजन पाहिलं आणि न उघडता परत टेबलावर ठेवलं.

"मास्तर, मरते कोन?"

"कोणी मरत नाही," मी म्हणालो. "सगळे आतून तुटलेले असतात."

"आतून तुटलेला मागच्या लाइनीले दिसत नाई जी."

साहित्यशास्त्राचे इतके तास घेऊनही एवढं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. त्यांनी मला ताक पाजलं, पहिल्या अंकात कोणाला तरी मारून आणायला सांगितलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून पोराला मोटरसायकलवर स्टेशनपर्यंत सोडायलाही पाठवलं. परतीच्या प्रवासात मी पात्रांची यादी काढून कोण मरण्यालायक आहे ते बघितलं. सगळेच होते. पण एकाला निवडायचं तर बाकीच्यांवर अन्याय, म्हणून नाटक तसंच राहिलं.

मग गावातच उन्हाळी लेखन शिबिर घ्यायचं ठरवलं. शहरात पोहण्याचं, नृत्याचं, वैदिक गणिताचं शिबिर चालतं, तर बिरसीत लेखनाचं का नाही? इथे नाहीतरी शिकवण्याचीच हवा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी आमच्या शिवारात धावपट्टी केली. पुढे कितीतरी वर्षं तिचा गावाला फारसा उपयोग नव्हता. २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली, मग वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तर हैदराबाद-तिरुपतीचं प्रवासी विमानही सुरू झालं. ज्या गावात एसटी कधी येईल हे सांगता येत नाही, तिथून माणूस सरळ बालाजीला जाऊ लागला.

प्रशिक्षणाचे विद्यार्थी देशभरातून येतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. म्हणजे तेही तासिका तत्त्वावरच, फक्त तिथे तासाचे पैसे शिकणारा मोजतो, आणि लाखांत मोजतो. या एका फरकामुळे ते वर आहेत आणि मी खाली.

शिबिर शाळेच्या व्हरांड्यात, सकाळी सातला. नंतर ऊन सहन होत नाही. अडचण एवढीच की विमानांचंही तेच गणित. दुपारी तापलेली हवा विरळ होते, लहान विमानाला धक्के बसतात, म्हणून त्यांची गर्दी सकाळचीच. मी "निरीक्षण करा" म्हणालो रे म्हणालो की डोक्यावरून घरघर जाई आणि सगळा वर्ग माना वर करून अत्यंत मन लावून निरीक्षण करी. विमान गावाभोवती वळसा घेऊन पुन्हा येई, तोवर मी विशेषणांपर्यंत पोचलेलो असे.

पालकांचे प्रश्न रोखठोक. "याच्यानं मार्क वाढतात का?" "दहावीले हेच निबंध येतात का?" एक गृहस्थ म्हणाले, "तुमी स्वतः लिवता, मंग तुमचं काहून नाई झालं काई?" प्रश्न चांगला होता, मी त्यांना तो शिबिराच्या समारोपात विचारायला सांगितला. फी ठरली होती, पण ती तेंदूची टेंभरं, चारोळीची फळं आणि एका घरून कैरीचं लोणचं अशी आली. टेंभरं गोड होती.

'माझं गाव' या विषयावर पुस्तकातलं एकही वाक्य न वापरता लिहा, असं मी सांगितलं. सर्वांत चांगलं लिहिलं माझ्या पुतणीने. तिने लिहिलं होतं: आमच्या गावातलं विमान रोज उडते, पण कुठंच जात नाही. आमचे काका रोज कुठंतरी जातात, पण कामाला लागत नाहीत. काका म्हणजे मी. निरीक्षण, तोल, किफायत, सगळं होतं. दहापैकी नऊ दिले. एक गुण घरातलं बाहेर सांगितल्याबद्दल कापला. पुढे लग्नसराई जोरात आली, पोरं मामाच्या गावाला गेली आणि शिबिर समारोपाशिवाय संपलं. त्या गृहस्थांचा प्रश्न राहूनच गेला.

तो निबंध मायने वाचून घेतला. पुतणीकडून, मोठ्याने, दोनदा. मग म्हणाली, "बाबू, पेन चालवूनच खायचं असल तं फळीवर जा ना गा. मामाजीले सांगतो मी."

फळी म्हणजे तेंदूपान गोळा करायची जागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, दीड महिन्यात कोवळी पालवी फुटते आणि मेच्या अलीकडे-पलीकडे मोजके दिवस तोडणी चालते. घरची माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि संध्याकाळी फळीवर आणून देतात. तिथे ते मोजून, तपासून वहीत आणि कार्डावर लिहिणारा जो माणूस, तो मुन्शी. आमच्या भागात उन्हाळ्यात लेखनासाठी पैसे मिळण्याची ही एकमेव खात्रीची जागा. देवरीकडच्या जंगलातल्या एका फळीवर मामाजींची ओळख निघाली.

ठेकेदारांनी मुलाखत घेतली. मी पदव्या सांगितल्या, कथा कुठे कुठे छापून आल्या ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वो सब ठीक है सर. शंभरचे पुडे एकशे दहा तर नाही लिहिणार ना?" कल्पनाशक्तीबद्दल असा थेट प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. नाही म्हणालो. नेमणूक झाली. परिचय द्यावा लागला नाही.

पहिल्या संध्याकाळी मी प्रत्येक पुडा उलगडून एक, दोन, तीन करत बसलो. रांग थेट रस्त्यापर्यंत गेली. पुढच्या म्हातारीने डोक्यावरचं ओझं खाली टाकलं. "काहून जी मुन्शीबाबू, मोजता का वाचता?"

तिने पुडा तळहातावर घेतला, अंगठ्याने कड दाबली आणि म्हणाली, "अडुसट." मी मोजले. अडुसष्ट. पुडा तिच्या शेजारणीचा होता, त्यामुळे पुढे जे बोलणं झालं त्यात माझा सहभाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एका बाईचा पुडा नाकारला. आयुष्यात प्रथमच मी साभार परत करणाऱ्या बाजूला होतो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. पण बाई हलेना. "परत काहून? कारन सांगा." मी सांगितलं: चार पानं फाटकी, दोन बारीक, एकाला किडीची भोकं. तिने तिथेच बसून ती काढली, आपल्या पदरातली चांगली घातली, दोरी आवळली आणि पुडा पुन्हा माझ्यासमोर ठेवला. घेतला. माझ्या कथा परत पाठवणाऱ्यांनी कधी कारण कळवलं नाही; आणि मीही कधी दारात बसून मागितलं नाही, हा भाग वेगळा.

घेतलेले पुडे मोकळ्या जागेत ओळींनी वाळत घालतात, उलथतात, मग थोडं पाणी शिंपून पोत्यांत भरतात. तेवढे दिवस पाऊस नको. वळवाचा ढग दिसला की पूर्वी माझी वही निघायची. फळीवर ढग दिसला तसा मी ताडपत्रीकडे धावलो, आणि त्या ढगावर मला आजवर एकही ओळ सुचलेली नाही.

मुन्शी लिहू शकतो ही बातमी पसरली. संध्याकाळी मोजणी संपली की माणसं थांबायला लागली. जातीच्या दाखल्याचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, जावयाला समजुतीचं पत्र, त्याच जावयाला नंतर धमकीचं पत्र. वनहक्क कायदा २००६ मध्ये आल्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या, त्यामुळे एके रात्री सभेचा ठरावही माझ्याकडे आला. "असं लिवा का कोनाले फाटे फोडता नाई आले पायजे," अशी सूचना. रॉकेलच्या चिमणीचे दिवस गेले, पण मोबाइलच्या उजेडात पंधरा माणसं माझ्या खांद्यावरून प्रत्येक शब्द बघत होती. एकाने 'सर्वानुमते'वर बोट ठेवून विचारलं, "आपल्या गावात हे झालं का?" चर्चेअंती 'बहुमताने' केलं. इतके जागरूक वाचक मला साहित्य संमेलनातही भेटले नव्हते.

हंगाम संपला आणि पैसे रोख, मोजून, ठरलेल्या दराने हातात आले. फळीवर पान तोडायच्या आधी दर सगळ्यांना माहीत असतो. त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकाचं निमंत्रण आलं: कथा हवी, पंचवीसशे शब्द, विषय मुक्त, मानधन यथाशक्ती. नव्यानेच लागलेल्या सवयीने मी उलट विचारलं, "दर काय?" उत्तर तत्परतेने आलं. साहित्य हा व्यवहार नसून साधना आहे, वगैरे, आणि शेवटी हात जोडलेलं चित्र.

पोती ट्रकमध्ये चढत होती. अडुसष्ट ओळखणाऱ्या त्या म्हातारीने विचारलं, निरोप कोनाचा, म्हणून मी तिला सगळं समजावून सांगितलं. कथा म्हणजे काय, अंक म्हणजे काय, ते किती पानं मागतात, दर मात्र सांगत नाहीत, पैसे कधी देतील तेही सांगत नाहीत.

"मंग त्याच्या फळीवर कायले जाता जी?" म्हातारी म्हणाली.