पोसतंय कोण, हे खातं विचारत नाही

‘अहो, अजून शिकतोय तो!’ पोराने रिटर्न भरलं का, या प्रश्नाला घरोघरी हेच उत्तर. जणू आयकर खात्याला कॉलेजची हजेरी तपासायची आहे. अमेरिकेत पूर्णवेळ शिकणारं पोर २४ वर्षांचं होईपर्यंत आईबाप त्याला कागदोपत्री ‘अवलंबित’ दाखवून करात थोडी सूट पदरात पाडून घेतात. आपल्याकडे तो रकानाच नाही. अठरा पूर्ण झाली की डबा कोण भरतं याच्याशी खात्याला देणंघेणं नाही. वर्षाची कमाई सांगा.

ती किती झाली की रिटर्न भरावंच लागतं, ती रेषा नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ४ लाखांची. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ऐकून निर्धास्त झालेल्यांनी जरा थांबावं. माफी कराला आहे, रिटर्नला नाही.

खरी गंमत इंटर्नशिपवाल्यांची. समजा, महिना वीस हजार, सहा महिने. कंपनी राबवून घेते शिकाऊ म्हणून, पैसे देताना मात्र त्याच पोरीला ‘प्रोफेशनल’ ठरवून १० टक्के टीडीएस कापते. १२ हजार गेले. कर शून्य, तरी पैसे सरकारजमा, आणि रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. ‘सक्ती नाही ना, मग कशाला?’ म्हणणारे सरकारला देणगी देतात. तीही वजावटीविना.

मागच्या बाकावर फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. कायद्याच्या लेखी हा धंदा. म्हणजे फी बाबा भरणार आणि चिरंजीव व्यापाऱ्याचा आयटीआर-३. सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात अशा १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ जण तोट्यात गेले. तो तोटा पुढची ८ वर्षं धंद्यातल्या नफ्यातून वळता करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. क्रिप्टोत तेवढीही दया नाही. नफा पाचशेचा असला तरी सरसकट ३० टक्के.

आणि ‘पोरगं आमच्यावरच अवलंबून’ म्हणणारे हेच पालक कर वाचवायला त्याच्या नावे एफडी टाकतात तेव्हा ते एकदम स्वतंत्र होतं! (अठराच्या आत ते व्याज आईबापाच्याच उत्पन्नात धरलं जातं, बरं का.)

तेव्हा पोरांनो, आयकर पोर्टलवर जाऊन आपला २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा तक्ता, उघडा. टीडीएस दिसला तर रिटर्न भरा. तिथे भरायला फी नाही. परतावा तुमच्याच खात्यात येईल, बाबांच्या नाही.